जावक नंबर

शिरोलीच्या फाउंड्रीत, पॅटर्न शॉपच्या वरच्या खोलीत
माझं टेबल. खाली भट्टी लागली की
कीबोर्डवर काळी रेती बसते, बारीक,
एंटर दाबताना कुरकुरते.

काम असं दिलंय :
खरेदीचा कागद, तपासणीचा कागद, गाडी सोडायचा कागद,
यातला एकही कागद राहू नये.
कुठल्यातरी लांबच्या यंत्रात एक सेवा आहे,
तिला निरोप धाडायचा, ती पुढच्याला सांगेल,
पुढचा हो म्हणाला की मला.
धाडणारी स्क्रिप्ट मी लिहायची. पंचवीसेक ओळी.

या पंचवीस ओळी आजवर
बाबालाल शिकलगार सायकलवरून नेत होते.

पहिल्या दिवशी सेवेचं उत्तर : चारशे एक.
म्हणजे, कोण तुम्ही?
बाबालाल हसले. "गेटवरचा नवा वॉचमन हाय त्यो.
मलाबी अडीवलंवतं, बत्तीस वर्सांनी.
पास दाखवायचा. वाद घालायचा न्हाई."
मी टोकन लावलं.
टोकन तासाभरात मरतं, हे संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी : दोनशे दोन.
झालं असंही नाही, होणार नाही असंही नाही.
"ठेवून जावा, बघतो," बाबालालनी मराठी करून दिली,
"खर्डेकर सायबांचं ह्येच असतंय."

मग मी दर सेकंदाला विचारत सुटले,
झालं का झालं का झालं का,
जत्रेच्या वाटेवर लहान पोर विचारतं तसं,
आणि सेवेनं चारशे एकोणतीस तोंडावर फेकलं.

"दमानं. केबिनच्या दारात उभारायचं
शास्त्र असतंय, बाई.
पयल्यांदा लगीच डोकवायचं.
मग च्या पिऊन. मग जेवून. मग पाळी सुटल्यावर.
आन् सायबाच्या कपाळाला आठी असली
तर सरळ उद्या."

मी लिहिलं : दोन, चार, आठ, सोळा.
आठीचं काही लिहिता आलं नाही.

मार्चअखेर रात्री अकराला नेट गेलं.
निरोप पोचला की नाही कळेना, म्हणून परत धाडला.
सकाळी एकाच ऑर्डरीचे ब्रेक ड्रम
दोन ट्रकांत भरून निघाले होते.
दुसरा किणीच्या नाक्यावरून माघारी बोलावला.
खर्डेकर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

बाबालालनी कपाटातून लाल कापडाची वही काढली.
"तुझ्या निरोपावर जावक नंबर कुठंय?
कागद हातात घ्यायच्या आदी नंबर.
वाटंत हरवला, तर त्याच नंबरानं परत जायाचं.
घेणारा वही बघतोय, म्हणतोय,
ह्ये तर मागंच आलंय की."
पुस्तकात याला एक लांबलचक नाव आहे.
मी जावकच म्हणते.

तीस जूनला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
मिसळीवर त्यांनी तिसऱ्यांदा कट मागितला,
डोळे पुसले, तिखटानं असावं.
"आता मी नसलो तर चालंल न्हवं?"
"चालतंय की," मी म्हटलं.
आमच्याकडं या दोन शब्दांत
होकार, नकार, रुसवा सगळं मावतं.
कुठलं मावलं ते त्यांनी विचारलं नाही.

आता लॉगमध्ये सगळं ओळीनं दिसतं.
धाडलं. घेतलं. थांबलं. विचारलं. झालं.
सोमवारी कारखान्याला सुट्टी,
तरी मध्यरात्री कुणीतरी डोकावून जातं.

एका ओळीला मात्र मी हात लावलेला नाही :
शुक्रवारी एक ते दोन काही धाडायचं नाही.
तेव्हा ते नमाजला जायचे,
कागद टेबलावर पेपरवेटखाली पडून राहायचे,
भट्टीवाल्यांनाही ठाऊक होतं.
सेवेला शुक्रवार नसतो.
दिंडनेर्लीचा सुयोग, नवा पोरगा,
परवा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला,
"मॅडम, ही ओळ कशाला? काढू?"

"ठेव," मी म्हटलं. "बघतो."